अमेरिकी उजव्यांतले घरचे भांडण

1981 साली रोनाल्ड रेगन सत्तेवर आले आणि साहित्य, इतिहास अशा विषयांना सरकारी अनुदान देणाऱ्या राष्ट्रीय मानव्यविद्या निधीच्या प्रमुखपदावरून त्यांच्याच समर्थकांत जुंपली. परंपरावाद्यांनी टेक्ससमधले साहित्याचे प्राध्यापक मेल ब्रॅडफर्ड यांचे नाव पुढे केले होते. लेखक-संपादक आयर्विंग क्रिस्टल आणि त्यांच्या वर्तुळातल्या नवपुराणमतवाद्यांनी (डावीकडून उजवीकडे आलेले हे विचारवंत; यांनाच पुढे निओकॉन म्हणू लागले) ब्रॅडफर्ड यांनी अब्राहम लिंकनवर केलेली टीका चव्हाट्यावर आणली आणि पद विल्यम बेनेट यांना मिळाले. लिंकनविषयीची ब्रॅडफर्ड यांची मते समर्थनीय नव्हतीच. पण काल डावीकडून आलेले लोक आज घराचे मालक झाले, हा सल परंपरावाद्यांच्या मनातून गेला नाही.

मुळात तक्रार पदाची नव्हती. क्रिस्टल तरुणपणी ट्रॉट्स्कीवादी, म्हणजे जागतिक क्रांती मानणारे कम्युनिस्ट होते. साठच्या दशकानंतर ही मंडळी डाव्यांपासून दुरावली, सोव्हिएत संघाचे कडवे विरोधक बनली. तरी एखादा विचार साऱ्या जगाला लागू करता येतो ही श्रद्धा त्यांनी सोडली नाही, असा परंपरावाद्यांचा आक्षेप. परंपरावाद्यांचे विचारवंत रसेल कर्क हे अठराव्या शतकातले ब्रिटिश पुराणमतवादी एडमंड बर्क यांच्या परंपरेतले. त्यांच्या मते राज्यसंस्था चालीरीती, धर्म आणि पिढ्यांच्या अनुभवातून घडते. ती दुसऱ्या देशात नेऊन बसवता येत नाही. मला हा युक्तिवाद आजही सर्वांत भक्कम वाटतो. म्हणूनच कर्क यांनी 1988 च्या हेरिटेज फाउंडेशन या उजव्या विचारसंस्थेतल्या भाषणात, काही निओकॉन इस्रायलमधल्या तेल अवीवलाच अमेरिकेची राजधानी समजतात, असा टोला हाणला याचे वाईट वाटते. त्यावरून ज्यूद्वेषाचा आरोप झाला आणि मूळ मुद्दा झाकोळला.

परदेशांच्या भानगडींत गुंतण्याला उजव्यांचा विरोध तर त्याहून जुना. रिपब्लिकन सिनेटर रॉबर्ट टाफ्ट यांनी 1949 मध्ये नाटो या लष्करी युतीच्या कराराविरुद्ध मत दिले होते. शीतयुद्धात हा सूर दबला. सोव्हिएत धोका ओसरताच तो परतला: परंपरावादी स्तंभलेखक पॅट ब्युकॅनन यांनी पहिल्या आखाती युद्धाला विरोध केला आणि 1992 मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यात, रिपब्लिकन पक्षाचा अध्यक्षीय उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत, विद्यमान अध्यक्ष थोरले बुश यांच्याविरुद्ध सुमारे 37 टक्के मते मिळवली.

निओकॉन ज्याचा आग्रह धरत होते त्या इराक युद्धाच्या तोंडावर, 2002 मध्ये, ब्युकॅनन आणि सहकाऱ्यांनी 'द अमेरिकन कन्झर्व्हेटिव्ह' हे नियतकालिक काढले. 2003 च्या मार्चमध्ये 'नॅशनल रिव्ह्यू' या उजव्या नियतकालिकात युद्धसमर्थक डेव्हिड फ्रम यांनी या युद्धविरोधकांना देशभक्तीशून्य ठरवले. फेब्रुवारी 2016 मध्ये साउथ कॅरोलायनातल्या वादसभेत डोनाल्ड ट्रम्प यांनी इराक युद्ध ही घोडचूक असल्याचे सांगितले, आणि आठवड्याभरात तिथली प्राथमिक फेरी जिंकली.