कटर (पाते बदलता येणारा कामाचा चाकू)

खोक्याची टेप, कागद, पुठ्ठा, सनबोर्ड, रेक्झिन, जिप्सम बोर्ड असले जिन्नस कापण्याचे हातहत्यार. धार गेली की हत्यार तेच ठेवून पाते किंवा पात्याचा तुकडा बदलायचा, हे त्याचे मुख्य लक्षण. मुंबईत ‘कटर द्या’ म्हटले की दुकानदार ‘छोटा की मोठा?’ एवढेच विचारतो. खटक्याबद्दल, म्हणजे पाते जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या अडसराबद्दल, कोणी बोलत नाही, आणि तो सैल असला तर हात कापू शकतो.

तुकड्यातुकड्याने मोडत जाणारे पाते जपानमध्ये जन्मले. ओसाकात छपाईच्या व्यवसायात काम करणाऱ्या योशिओ ओकादा यांनी ते १९५६ मध्ये तयार केले. कागद कापताना ब्लेडचा कोपराच बोथट होई आणि बाकी धारदार ब्लेड टाकून द्यावे लागे. चर्मकार काच फोडून तिच्या ताज्या कडेने बुटांचे तळ तासत, आणि चॉकलेटची वडी खाचांवर मोडते, या दोन निरीक्षणांतून त्यांना युक्ती सुचली. पुढची ओल्फा कंपनी त्यांचीच. पात्याच्या ९ आणि १८ मिमी या रुंदी आता सर्वत्र रुळल्या आहेत, त्यामुळे एका कंपनीच्या मुठीत दुसरीचे पाते सहसा बसते.

९ मिमीचे पाते साधारण ०.४ मिमी जाडीचे असते. माहीमच्या कंदील गल्लीतले कागदकाम किंवा वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांची मॉडेले यासाठी ते योग्य. फार बारीक नक्षीला ३० अंशांच्या टोकाचे पाते घ्यावे. एरवीचे सुमारे ६० अंशांचे असते. एकच कटर बाळगायचा असेल तर मात्र १८ मिमीचा घ्यावा. राज्यात २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आल्यानंतर मखराचे काम बरेचसे पुठ्ठ्याकडे वळले आणि जाड पुठ्ठा ९ मिमीला दाद देत नाही. पुठ्ठ्याच्या आतल्या पन्हळी नाळ्या ज्या दिशेने जातात त्या दिशेने कापणे सोपे. आडवे कापताना पाते जरा बोथट असले तरी नाळ्या चेपतात आणि कड फाटल्यासारखी दिसते. जोर लावण्याऐवजी स्टीलच्या पट्टीला लावून हलक्या हाताने तीनचारदा पाते फिरवावे. प्लॅस्टिकची पट्टी पात्याने सोलली जाते आणि मग रेघ भरकटते.

दुसरा प्रकार समलंब चौकोनी पात्याचा. पाते आखूड, जाड आणि दोन्ही टोकांना धार असलेले, म्हणून उलटून वापरता येते. फॉल्स सीलिंगवाले जिप्सम बोर्डच्या वरच्या कागदावर चीर देतात, बोर्ड मागे वाकवून तोडतात आणि मागचा कागद कापतात. जिप्सम धार पटापट खातो, तेव्हा महागड्या मुठीपेक्षा पात्यांचे पाकीट जवळ असणे जास्त मोलाचे. सनमायकाला यातला कोणताच प्रकार नको, त्याला चोचीच्या पात्याचा वेगळा कटर लागतो.

खटका दोन तऱ्हांचा असतो. सरकवले की आपोआप अडकणारा एका हाताने चालतो, खिशासाठी तोच बरा. स्क्रूसारखे चाक पिळून घट्ट करायचा खटका जड कामात पाते मागे सरकू देत नाही. दुकानातच पाते दोन तुकडे बाहेर काढून टोक लाकडावर दाबून पाहावे. पाते मागे गेले किंवा बाजूला डुगडुगले तर तो कटर घेऊ नये, मूठ कितीही रबरी असो. पूर्ण प्लॅस्टिकच्या स्वस्त कटरमध्ये पात्याला धातूची खोबण नसते आणि दोष बहुतेक तिथेच निघतो. हार्डवेअरसाठी नागदेवी स्ट्रीट आणि स्टेशनरीसाठी अब्दुल रेहमान स्ट्रीट, दोन्ही क्रॉफर्ड मार्केटपासून चालत जाण्याजोगे. नेमके हवे ते पाते तिथे सुटे मिळू शकते.

बहुतेक चांगली पाती कार्बन पोलादाची असतात. धार उत्तम, पण मुंबईच्या पावसाळ्यात गंज लवकर धरतात. स्टेनलेसला गंजाचे भय कमी, धार मात्र तितकी टिकत नाही. कार्बनचीच पाती घेऊन पाकिटात शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सोडणे हा सोपा उपाय. नव्या पात्यावर तेलाचा पापुद्रा असतो, तो पुसल्याशिवाय पांढऱ्या कागदाला लावू नये, डाग पडतो. बोथट तुकडा बोटांनी न मोडता पकडीने, टोक स्वतःपासून दूर ठेवून मोडावा. तुकडे झाकणाच्या डब्यात साठवावेत, कारण कचरा हातांनी वेगळा करणाऱ्याला ते दिसत नाहीत.

कायद्याच्या दृष्टीने कटर हे कामाचे हत्यार. शस्त्र नियम, २०१६ मधील धारदार शस्त्रांचा वर्ग ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांचा आहे आणि घरगुती, शेती वा औद्योगिक कामाची हत्यारे त्यातून वगळलेली आहेत. तरी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सण, मोर्चे यांच्या काळात निघणाऱ्या मनाई आदेशांत चाकूंचा समावेश असू शकतो. अशा दिवसांत कटर खिशात न ठेवता हत्यारांच्या पिशवीत, पाते पूर्ण आत घेऊन ठेवावा. मेट्रो स्थानकावर बॅग तपासताना तो अडवला जाण्याची शक्यता असते. विमानात तो हातातल्या सामानात चालत नाही, चेक-इनच्या बॅगेत टाकावा.