पार्क सावरायचा की जागा मोकळी करायची?

मोबाइल होम पार्क म्हणजे कारखान्यात बनवलेली घरं आणून ठेवलेली वस्ती. अमेरिकेत असा मोडकळीला आलेला पार्क विक्रीला निघतो, तेव्हा दलालाच्या माहितीपत्रकात दोन गोष्टी बहुधा शेजारी शेजारी असतात. रिकामे लॉट, म्हणजे एकेका घराच्या जागा, भरून उत्पन्न वाढवता येईल, आणि जागा पुनर्विकासालाही योग्य आहे. टेक्सास नाहीतर न्यू जर्सीतले चार मराठी मित्र पैसे एकत्र करून असा सौदा पाहायला बसले, की एकाच किमतीत दोन फायदे मिळतायत असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात ते दोन वेगळे धंदे आहेत आणि एकासाठी उचललेलं पाऊल बऱ्याचदा दुसऱ्याची वाट बंद करतं.

आधी पार्कमध्ये विकत काय मिळतं ते पाहू. जमीन, रस्ते, पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्या मालकाच्या. घर मात्र बहुतेक वेळा राहणाऱ्याचं असतं आणि तो जमिनीपुरतं लॉट भाडं भरतो. अनेक राज्यांत त्या घराला गाडीसारखं टायटल, म्हणजे मालकीचा कागद, असतं. नावात ‘मोबाइल’ आहे म्हणून घर सहज हलतं असं समजू नका. हलवायला हजारो डॉलर लागतात आणि जुनं घर वाटेतच मोडू शकतं. 15 जून 1976 पासून अशा घरांना केंद्र सरकारचे बांधकाम नियम लागू झाले. त्याआधीची घरं बरेच पार्क आत घेतच नाहीत. म्हणजे पार्क बंद झाला की रहिवाशाच्या हातात घराचा कागद राहतो आणि घर ठेवायला जागा राहत नाही.

इथे आपल्या ओळखीचा ‘रिडेव्हलपमेंट’ हा शब्द फसवतो. मुंबई-पुण्यात सोसायटीचं रिडेव्हलपमेंट म्हणजे सभासदांनी बिल्डर निवडायचा, मधल्या काळाचं भाडं घ्यायचं आणि त्याच जागी नव्या फ्लॅटमध्ये परत यायचं. झोपडपट्टी पुनर्वसनातही पात्र कुटुंबाला घर मिळतं. पार्कच्या पुनर्विकासात परत येण्याचा असा सर्वसाधारण हक्क नसतो. जमीन दुसऱ्याची, त्यामुळे तिथले लोक जातात आणि नव्या इमारतीत दुसरे येतात. हे समजून न घेता पैसे गुंतवणाऱ्याला आपण कशात हात घालतोय याची कल्पनाच नसते.

आता एकच पार्क दोन्ही नजरांनी पाहा. समजा 60 लॉट आहेत, 24 घरांत माणसं राहतात आणि भाडं महिना 400 डॉलर आहे. सावरणाऱ्यासाठी 36 रिकामे लॉट हीच संधी. त्यातले 30 भरले तर वर्षाला 1,44,000 डॉलर वाढतात. खर्च जाऊन त्यातले 1,00,000 उरले आणि त्या भागात असे पार्क 8 टक्के कॅप रेटने (म्हणजे वर्षाचं निव्वळ उत्पन्न किमतीच्या 8 टक्के धरून) विकले जात असतील, तर किंमत साडेबारा लाख डॉलरनी वाढते. मात्र लॉट आपोआप भरत नाहीत. बऱ्याचदा मालकालाच नवी घरं आणून ती विकावी लागतात, आणि तो खर्च या हिशेबात धरलेला नाही. जागा मोकळी करणाऱ्याचं गणित उलटं. त्याला रिकामे लॉट सोयीचे. राहती 24 घरं म्हणजे 24 नोटिसा, कायद्याने लागेल ती भरपाई आणि मधले महिने. विक्रेता रिकाम्या लॉटचं भावी उत्पन्न धरून किंमत सांगत असेल आणि तुम्हाला इमारत बांधायची असेल, तर तुम्ही कधीच न घेणार असलेल्या भाड्याचे पैसे मोजताय.

जमिनीखालच्या गोष्टींचंही तसंच. सावरणाऱ्याचा सगळ्यात मोठा खर्च तिथेच दडलेला असतो. मातीचे नाहीतर गंजलेले लोखंडी पाइप, अख्ख्या पार्कला एकच पाण्याचा मीटर, सेप्टिक टाक्या किंवा पार्कचं स्वतःचं मैलापाण्याचं तळं. आत कॅमेरा घालून वाहिन्या तपासल्याशिवाय सही करू नये, असं मी ठामपणे म्हणेन. मोकळी जागा हवी असणारा ते सगळं उखडूनच टाकणार. त्याने शहराच्या मलवाहिनीत आणखी शंभर घरांचा भार झेपेल का, हे विचारायला हवं.

खरी मेख झोनिंगमध्ये, म्हणजे कुठल्या जागेवर काय करता येईल हे ठरवणाऱ्या शहराच्या नियमांत आहे. बरेच जुने पार्क आजच्या झोनिंगमध्ये बसत नाहीत. आधीपासून आहेत म्हणून चालू दिले जातात. ही सवलत वापर चालू असेपर्यंतच टिकते. पार्क ठरावीक काळ बंद राहिला की ती संपते, काही शहरांत तर एकेका रिकाम्या लॉटलाही हा नियम लागतो. म्हणून सावरणाऱ्याला झोनिंगचं पत्र आधी हवं: किती लॉट आज कायदेशीर आहेत, आणि रिकाम्या लॉटवर घर परत आणता येईल का? पुनर्विकास करणाऱ्याला झोनिंग बदलून हवं असतं आणि ते देणं शहराच्या हातात असतं. आधी लोकांना काढलं, सवलत गेली आणि मग शहराने नकार दिला, तर हाती भाडंही नाही आणि बांधकामही नाही.

मिनेसोटातल्या सेंट अँथनी गावच्या लॉरी ग्रोव्हमध्ये याचं उदाहरण दिसतं. 2016 मध्ये तो पार्क विकासकाने घेतला, 2017 च्या जूनअखेर बंद झाला, कुटुंबं विखुरली. त्यानंतर मांडलेला दाट बांधकामाचा आराखडा शहराने फेटाळला. घरं गेली होती आणि मंजुरी आली नव्हती. मला यात सगळ्यात जास्त सलतं ते हेच, की क्रम उलटा असता तर त्या कुटुंबांना निदान तेवढे महिने मिळाले असते.

कायदा राज्यागणिक बदलतो. फ्लोरिडात जागेचा वापर बदलायचा तर रहिवाशांना किमान 6 महिन्यांची नोटीस द्यावी लागते. शिवाय त्यांच्यासाठी दुसरीकडे पुरेशी सोय आहे हे तपासल्याशिवाय सरकारी यंत्रणेला रिझोनिंग मंजूर करता येत नाही. कॅलिफोर्नियात पार्क बंद करण्याआधी रहिवाशांवर काय परिणाम होईल याचा अहवाल द्यावा लागतो. पालो आल्टोच्या ब्युएना व्हिस्टा पार्कच्या मालकाने 2012 मध्ये बंद करण्याची प्रक्रिया सुरू केली. आत सुमारे 400 माणसं राहत होती. रहिवाशांना द्यायची भरपाई सुमारे 80 लाख डॉलरवर गेली, प्रकरण न्यायालयात गेलं आणि 2017 मध्ये सांता क्लारा काउंटीच्या गृहनिर्माण प्राधिकरणाने तो पार्क सुमारे 4 कोटी डॉलरना घेतला. लोक राहिले. विकासकाच्या वेळापत्रकात अशी पाच वर्षं कोण धरतं?

काही राज्यांत खुद्द रहिवासीच तिसरे खरेदीदार असतात. न्यू हॅम्पशायरमध्ये मालकाला विक्रीआधी रहिवाशांना 60 दिवसांची सूचना द्यावी लागते. तिथे 1984 पासून रहिवाशांच्या सहकारी संस्था पार्क विकत घेत आल्या आहेत आणि हा प्रयोग पुढे इतर राज्यांतही पसरला. त्यामुळे तिथे कराराचा मसुदा हाती आला तरी त्या 60 दिवसांत रहिवासी काय ठरवतात ते पाहावं लागतं. बयाणा भरताना तो परत मिळण्याची अट करारात लिहून घ्या, आणि विक्रेत्याकडून लॉटनिहाय यादी मागा: घर कुणाचं, टायटल कुणाच्या नावावर, बांधणीचं साल कोणतं, भाडं कधीपासून थकलंय. सावरायचा असो वा मोकळा करायचा, दोन्ही हिशेब याच यादीवरून मांडावे लागतात.