मांजर नखं आत ओढत नाही

गेल्या आठवड्यात एका मित्राने फोटो पाठवला. तळहातावर चंद्रकोरीसारखं काहीतरी, पिवळट-पांढरं, टोकाला अणकुचीदार. खाली लिहिलेलं : "सोफ्याखाली सापडलं. हिचं नख मुळासकट निघालंय. डॉक्टरकडे नेऊ का?" मी विचारलं, आतून पोकळ आहे का? हो. रक्त? नाही. लंगडतेय? "नाही रे, फ्रिजवर चढून बसलीय." मग राहू दे, म्हटलं, कात टाकलीय तिने.

कात हा शब्द गमतीने वापरला, पण तो फारसा चुकीचा नाही. संध्याकाळी त्याचे आणखी दोन प्रश्न आले. एक, नखं अशी आपोआप गळत असतील तर कापायची कशाला? आणि दोन, कापायला घेतली की ती नखं आत ओढून घेते, त्याला काय करायचं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर फोनवर देता आलं. दुसऱ्यासाठी हा लेख लिहायला बसलो, कारण त्या प्रश्नातच गोची आहे. मांजर नखं आत ओढत नाही. नखं आतच असतात. मांजर ती बाहेर काढतं.

शाळेत आपण शिकतो की मांजर, वाघ, बिबट्या यांना नखं आत ओढून घेता येतात. ऐकून वाटतं की नख बाहेर असणं ही त्यांची नेहमीची अवस्था आणि आत घेणं हे काम. खरं आहे ते नेमकं उलट. झोपलेल्या मांजराचा पंजा बघा, भूल दिलेल्या मांजराचा बघा. नखं आत. स्नायू पूर्ण सैल असतानाही ती आतच आहेत, म्हणजे ती आत ठेवायला स्नायूंची गरज नाही.

मग कोण ठेवतं? मांजराच्या बोटालाही आपल्यासारखीच तीन पेरं असतात (अंगठ्याला दोन, तेही आपल्यासारखंच). शेवटचं पेर म्हणजे आकडीच्या आकाराचं एक छोटं हाड, आणि त्या हाडावर टोपीसारखं चढवलेलं नख. आपलं शेवटचं पेर मधल्या पेराच्या पुढे सरळ रेषेत असतं. मांजराचं तसं नसतं. ते मागे दुमडून मधल्या पेराच्या शेजारी जाऊन बसतं, आणि त्याला जागा मिळावी म्हणून मधलं हाड एका बाजूने खोलगट झालेलं असतं. मिटलेल्या चाकूचं पातं मुठीच्या खाचेत बसावं, तसं. या अवस्थेत त्याला धरून ठेवतात ते लवचीक अस्थिबंध, म्हणजे मधल्या हाडापासून शेवटच्या हाडापर्यंत ताणलेले रबरासारखे पट्टे. रबर आपल्या जागी परत यायला ऊर्जा मागत नाही. म्हणून मांजर चोवीस तास नखं म्यानात ठेवू शकतं आणि त्याचा खर्च शून्य.

खर्च येतो तो बाहेर काढताना. पुढच्या पायाच्या वरच्या भागातल्या एका स्नायूपासून एक लांब स्नायुरज्जू निघतो, तळव्यातून जातो आणि शेवटच्या हाडाच्या खालच्या कडेला चिकटतो. स्नायू आवळला की रज्जू ती खालची कड मागे खेचतो, हाड सांध्याभोवती फिरतं आणि टोक पुढे-खाली येतं. इथे एक अडचण आहे, आणि तिचं उत्तर मला फार आवडतं. हाच रज्जू बाकीच्या सांध्यांवरूनही जातो. नुसता तोच ओढला तर आख्खं बोट मिटेल आणि पंजाची मूठ होईल. म्हणून त्याच क्षणी बोट सरळ करणारे स्नायूही आवळतात आणि मागचे सांधे जागच्या जागी रोखतात. फिरायला फक्त शेवटचा सांधा उरतो. एकमेकांविरुद्ध काम करणारे दोन स्नायू, आणि त्यांच्या ओढाताणीतून बाहेर येणारं नख. आमची ठमी चिडली की तिचा पंजा फुगल्यासारखा दिसतो, बोटं फाकतात, ताठ होतात. मी बरीच वर्षं समजत होतो की हे मला घाबरवण्यासाठी आहे. असेलही. पण बोटं ताठ झाल्याशिवाय नखं नीट बाहेर येणारच नाहीत.

चित्त्याच्या बाबतीत हा बेत अर्धवट आहे. त्याच्या नखांवर त्वचेचं पूर्ण म्यान नसतं, ती उघडी राहतात आणि धावताना जमीन पकडतात. शास्त्रज्ञांनी त्याच्या प्रजातीला नाव दिलं असिनोनिक्स, म्हणजे न हलणाऱ्या नखाचा. ते थोडं अन्यायाचं आहे, कारण त्याचीही नखं हलतात.

आता मित्राच्या प्रश्नाकडे. तुम्ही पंजा हातात घेता आणि नख दिसेनासं होतं, तेव्हा मांजर बहुतेक वेळा काहीही करत नसतं. ते सैल पडलेलं असतं, आणि सैल पडलं की नख आत. जितकं शांत मांजर, तितकं लपलेलं नख. नखं बाहेर काढून बसलेलं मांजर तुम्हाला कापायला सोपं जाणार नाही, हे वेगळं सांगायला नको. म्हणजे स्नायुरज्जूचं काम तुम्हाला करायचंय. अंगठा बोटाच्या वरच्या बाजूला, नखाच्या जरा मागे. तर्जनी खाली, त्याच बोटाच्या गादीवर. दोन्हींनी हलकेच दाबा. शेवटचं हाड फिरतं, नख पुढे सरकतं आणि दाब आहे तोवर तिथेच थांबतं. सोडलं की रबर आपलं काम करतं. पिकलेलं फळ मऊ झालंय का हे बघताना जेवढा दाब देतो, तेवढा पुरतो. जोर लावावा लागत असेल तर तुम्ही चुकीच्या सांध्यावर दाबताय.

नख बाहेर आलं. पण कापायचं काय? इथे त्या चंद्रकोरीकडे परत जावं लागेल. मांजराचं नख आपल्यासारखं पत्र्याचं नाही. ते एकात एक बसवलेल्या कागदी शंकूंच्या चळतीसारखं आहे. मूळ बोटावरच्या कातडीच्या घडीत दडलेलं, आणि तिथे केराटिन (ज्याचं नख बनतं तो टणक पदार्थ) तयार होण्याचा वेग वरच्या बाजूला जास्त, कडेच्या बाजूंना कमी. वरची बाजू लवकर वाढते म्हणून नख खाली वळतं. आकडी होते ती अशी. शिवाय टोकाचे शंकू वेगळ्या पेशींकडून येतात आणि बाजूंची पाती आणखी वेगळ्या पेशींकडून, तर तळाला दोन पात्यांमधली फट मऊ केराटिनने भरलेली असते. हे सगळे थर एकाच वेळी पुढे सरकत असतात. (इथे वाचक हरवत असेल तर चूक माझी आहे. शंकूंची चळत एवढं लक्षात राहिलं तरी पुरे.)

2009 मध्ये जीवशास्त्रज्ञ डॉमिनिक होमबर्गर आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शक आणि एक्स-रे सीटी वापरून नखाची ही रचना थर न थर उलगडून दाखवली. चढताना, भक्ष्य पकडताना नख ताणलं जातं, किंचित वाकतं, आणि वरच्या कडक थरांत केसाहून बारीक तडे जातात. हे तडे आत खोल न जाता थरांना समांतर पसरतात, त्यामुळे खालच्या जिवंत ऊतीला धक्का लागत नाही. एके दिवशी वरची टोपी अख्खी सुटते आणि खाली नवं, तीक्ष्ण टोक तयार असतं. मित्राच्या तळहातावर होती ती अशी एक टोपी. ती सोडवायला मांजर पुढचे पंजे खरखरीत पृष्ठभागावर घासतं. मागच्या पायांच्या टोप्या ते बहुधा दातांनी कुरतडून काढतं. तेव्हा सोफा ओरबाडणं म्हणजे सूड, हट्ट, तुम्ही उशिरा घरी आल्याचा राग वगैरे काही नाही. ती नखांची निगा आहे, त्यात अंग ताणणं आलं, आणि पंजातल्या ग्रंथींचा वास मागे ठेवणंही. नखं कापली म्हणून हे थांबत नाही. थांबेल असं सांगून वस्तू विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. घासायला उंच, न डगमगणारा खांब द्या.

मग कापायची का? घरातच राहणाऱ्या मांजराची आकडी पडद्यात, गालिच्यात अडकते, आणि घाबरून ओढल्यावर बोटाला इजा होते. म्हातारपणी तर हे गरजेचंच. सांधे दुखायला लागले की मांजर नखं कमी घासतं, टोप्या सुटत नाहीत, थरावर थर चढतात आणि जाड झालेलं नख वळून गादीत घुसतं. अंगठ्याचं नख जमिनीला टेकतच नाही, त्यामुळे तिथे हा धोका सगळ्यात जास्त, आणि विसरलं जातं तेही तेच. बाहेर हिंडणाऱ्या मांजराची मात्र कापू नका. कुत्रा मागे लागला तर झाडावर चढायला त्याला तीच लागतात.

कापायचं ते फक्त वळलेलं टोक, दीड-दोन मिलिमीटर. नखाच्या आत गुलाबी दिसतं त्या भागात रक्तवाहिन्या आणि चेता आहेत. मराठीत त्याला नेमका शब्द आहे, जिव्हाळी. ठमीच्या बाबतीत मी ती पहिल्याच वेळी गाठली. नखं फिकी होती, उजेडात गुलाबी त्रिकोण स्पष्ट दिसत होता, आणि तरी मी "अजून थोडं" म्हणत कटर आत सरकवला. रक्ताचा एकच थेंब आला. स्वच्छ कापसावर कॉर्नफ्लोर घेऊन दोन-तीन मिनिटं दाबून धरल्यावर तो थांबलाही. पण पुढचे दोन महिने कटरचा नुसता 'टक्' आवाज झाला की ती पलंगाखाली. नखं गडद असतील तर जिव्हाळी दिसत नाही, तेव्हा मोह टाळून टोकच कापायचं.

कटर मांजरांसाठीचा, धारदार हवा. आणि त्याची दिशा महत्त्वाची : पाती नखाच्या वरून आणि खालून यावीत, दोन्ही बाजूंनी नव्हे. नख बाजूंनी चपटं असतं. ते आडवं चेपलं की शंकूंचे थर एकमेकांपासून सुटतात आणि टोक चिरफाळतं. आपला नेलकटर पिल्लाच्या नखाला चालून जातो, मोठ्या मांजराच्या नखाचा तो भुगा करतो.

धरण्याबद्दल थोडंच सांगतो, कारण बाकीचं मांजरच सांगतं. मानगूट पकडून उचलू नका. आई पिल्लांना तसं नेते म्हणून मोठ्या मांजराला ते आवडतं असा समज आहे, पण पिल्लं मोठी झाल्यावर आईही ते करत नाही. थिजून गेलेलं मांजर शांत दिसतं, शांत असतं असं नाही. शेपटी आपटायला लागली, कान आडवे झाले, पाठीवरची कातडी थरथरली, की त्या दिवशीचं काम संपलं, एकच नख झालेलं असलं तरी. आधी आठवडाभर नुसते पंजे हाताळायचे, खाऊ द्यायचा. मग कटरने तिच्यासमोर एखादी काडी कापायची, पुन्हा खाऊ. मग एक नख.

बोचकारा निघालाच तर मांजराच्या नखात विष असतं हे ऐकायला मिळतं. विष नसतं. बार्टोनेला नावाचा जिवाणू असू शकतो, आणि तो नखापर्यंत पोचतो पिसवांच्या विष्ठेतून. तेव्हा उतारा वगैरे शोधण्यापेक्षा पिसवांचा बंदोबस्त करा. बोचकारा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, आणि मांजराच्या रेबीजच्या लसीकरणाची खात्री नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

या सगळ्याला कंटाळून काही लोक विचारतात, नखं कायमची काढून टाकता येत नाहीत का? नख हाडावर चढवलेलं आहे हे आठवा. ते परत वाढू नये म्हणून शेवटचं हाडच काढावं लागतं. ही नखं काढणं नव्हे, बोटांची शेवटची पेरं छाटणं आहे. पाळीव प्राण्यांविषयीच्या 1987 च्या युरोपीय करारात त्यावर बंदी आहे, आणि अमेरिकेत न्यूयॉर्क हे ती घालणारं पहिलं राज्य ठरलं, 2019 मध्ये.

ठमीची पुढच्या पंजांची दहा नखं आता तीन बैठकांत होतात, दर तीन आठवड्यांनी. ती खिडकीत ऊन खात असते, मी शेजारी बसून एक पंजा घेतो, दाबतो, टक्. मागची आठ मी बघतो फक्त, ती तिची ती कुरतडते. उजव्या अंगठ्याला मात्र अजून हात लावू देत नाही. जिव्हाळी लागली होती ती तिथेच. ते नख ती गाढ झोपल्यावर कापावं लागतं.