बटण बंद, तरी होल्डरमध्ये करंट

"बटण बंद केलं की होल्डरला खुशाल हात लावा," असं बरेच जण सांगतात. ते चूक आहे. बटण फेजऐवजी (करंट आणणारी वायर) न्यूट्रलवर (करंट परत नेणारी वायर) जोडलेलं असेल तर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये 230 व्होल्ट तसेच राहतात.

होल्डर बदलताना टेस्टर आधी चालू सॉकेटवर पेटतो का बघा, मग मेन स्विच पाडा. भारनियमनामुळे घेतलेला इन्व्हर्टरही बंद करा. तो दिव्यांच्या लाइनला करंट देतच राहतो, आणि नेमकं हेच विसरलं जातं. नंतर होल्डरच्या दोन्ही टोकांना टेस्टर लावा. पेटला, तर हात काढा आणि वायरमनला बोलवा. पत्र्याच्या घरात वायर पत्र्याला घासून सोललेली दिसली, तरीही त्यालाच बोलवा; नुसती चिकटपट्टी गुंडाळू नका.