हिमनदीला ज्याचं नाव, तोच तिचा शोधक?

सामान्यज्ञानाच्या फॉरवर्डमध्ये एक वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय: ध्रुवावरच्या हिमनदीला ज्याचं नाव असतं, त्यानेच ती शोधलेली असते. असं वाटणं साहजिक आहे, काही ठिकाणी ते खरंही आहे. पण नियम म्हणून ते टिकत नाही.

अंटार्क्टिकातली बिअर्डमोर हिमनदी घ्या. डिसेंबर 1908 मध्ये चार ब्रिटिश माणसं दक्षिण ध्रुवाची वाट शोधत तिच्यावर चढली. त्यांचं शेवटचं तट्टू याच हिमनदीवर बर्फातल्या भेगेत कोसळलं आणि पुढे सामानाच्या घसरगाड्या त्यांनी स्वतः ओढल्या. नाव मात्र पडलं स्कॉटलंडमधल्या एका कारखानदाराचं. मोहिमेला पैशाचं पाठबळ त्याचं होतं. तो स्वतः अंटार्क्टिकाला गेलाच नव्हता. त्या चौघांचे हाल वाचले की हा फरक मनाला लागतो.

लॅम्बर्ट हिमनदीची गोष्ट वेगळीच. लांबी 400 किलोमीटरहून जास्त, जगातल्या सर्वांत मोठ्या हिमनद्यांपैकी एक. ती नकाशावर आली 1946-47 मध्ये विमानातून काढलेल्या फोटोंवरून. आधीचं नाव होतं ‘बेकर थ्री’, फोटो काढणाऱ्या तुकडीचं सांकेतिक नाव. 1957 मध्ये ऑस्ट्रेलियाने तिला आपल्या नकाशा खात्याच्या संचालकांचं नाव दिलं.

पडताळणं सोपं आहे. अंटार्क्टिकातल्या स्थलनामांची सूची इंटरनेटवर मोफत मिळते. तिथे हिमनदीचं नाव टाका आणि नोंदीत दोन गोष्टी वेगवेगळ्या वाचा: आधी कोणी पाहिली किंवा नकाशावर आणली, आणि मग नाव कोणावरून दिलं.