चाळीस यार्डांमागचा इतिहास

अमेरिकेत महाविद्यालयीन संघात जागा मिळवू पाहणारा सोळा-सतरा वर्षांचा फुटबॉलपटू (इथे फुटबॉल म्हणजे रग्बीसारखा अमेरिकी फुटबॉल) प्रशिक्षकांना आपली उंची व वजन कळवतो, आणि त्यासोबत चाळीस यार्ड, म्हणजे सुमारे ३६.६ मीटर, अंतर किती सेकंदांत धावतो तेही कळवतो. बेसबॉलमध्ये हेच अंतर साठ यार्डांचे असते. मुळात महाविद्यालयात गेल्यावर मिळणारे वेगाचे शिक्षण तिथे प्रवेश मिळण्याआधीच पदरी असावे, ही अपेक्षा कशी रुजली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

हार्वर्ड आणि येल यांच्यात १८५२ साली झालेली नौकाशर्यत ही तेथील पहिली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा मानली जाते. पुढे फुटबॉलमधील गंभीर दुखापती आणि मृत्यू यांमुळे १९०६ मध्ये महाविद्यालयीन खेळांची नियामक संघटना स्थापन झाली. तीच आजची एनसीएए. या संघटनेने १९५६ मध्ये केवळ खेळातील कौशल्यावर शिष्यवृत्ती देण्यास उघड मान्यता दिली, आणि मुलाच्या शिक्षणाचा व निवासाचा खर्च उचलण्यापूर्वी त्याला पारखून घेण्याची गरज वाढली. शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणाऱ्या १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्यानंतर ही दारे मुलींसाठीही हळूहळू उघडत गेली.

पारखण्याचे माप व्यावसायिक फुटबॉलमधून आले. खेळाडूंना चाळीस यार्ड पळवून वेळ मोजण्याच्या प्रथेचे श्रेय सहसा क्लीव्हलंड ब्राउन्स या व्यावसायिक संघाचे प्रशिक्षक पॉल ब्राउन यांना दिले जाते. लाथेने उंच मारलेला चेंडू साधारण तेवढ्या अंतरावर पडतो आणि तिथवर खेळाडूला वेळेत पोहोचावे लागते, असा त्यामागचा हिशेब होता. निव्वळ वेग काय करू शकतो याचे ठळक उदाहरण म्हणजे बॉब हेस. दक्षिणेतील गोऱ्यांच्या विद्यापीठांची दारे कृष्णवर्णीयांना बंद असण्याच्या काळात ते फ्लोरिडा ए अँड एम या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात शिकले, १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्यांनी १०० मीटरचे सुवर्णपदक जिंकले आणि पुढे डॅलस काउबॉइज या व्यावसायिक फुटबॉल संघाकडून खेळताना प्रतिस्पर्ध्यांना आपली बचावाची रचनाच बदलायला लावली.

तरीही वेग हा जन्मजातच असतो, तो शिकवता येत नाही, हा समज बराच काळ टिकला. वजने उचलल्याने स्नायू जखडतात आणि खेळाडू मंदावतो, असेही अनेक प्रशिक्षक मानत. हा समज मोडण्यात नेब्रास्का विद्यापीठाचा वाटा मोठा आहे आणि माझ्या मते या इतिहासाचा खरा सांधा तिथेच आहे. बॉइड एप्ली हा बांबूउडीचा विद्यार्थी-खेळाडू दुखापतीतून सावरण्यासाठी वजने उचलत होता. त्याला पाहून जायबंदी फुटबॉलपटूही त्याच्यासोबत व्यायाम करू लागले, आणि ते मैदानावर पूर्वीपेक्षा जोमदार होऊन परतल्याचे प्रशिक्षकांच्या लक्षात आले. १९६९ मध्ये मुख्य प्रशिक्षक बॉब डेव्हनी यांनी एप्ली यांना कामावर घेतले; मात्र एकही खेळाडू मंदावला तर नोकरी जाईल, अशी तंबीही दिली. नोकरी टिकली, आणि १९७० व १९७१ या दोन्ही वर्षी नेब्रास्काने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. १९७८ मध्ये एप्ली यांच्या पुढाकाराने बळ वाढवण्याचा सराव देणाऱ्या अशा प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटनाही उभी राहिली.

दुसरा प्रवाह सोव्हिएत संघातून आला. युरी वेर्खोशान्स्की यांनी उंचावरून खाली उडी घेऊन पाय टेकताक्षणी पुन्हा वर झेपावण्याची पद्धत विकसित केली होती. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये वालेरी बोरझोव्ह यांनी १०० आणि २०० मीटरच्या दोन्ही शर्यती जिंकल्यावर पूर्वेकडील सरावाविषयीचे कुतूहल वाढले, आणि फ्रेड विल्ट या अमेरिकी प्रशिक्षकाने अशा उड्यांना ‘प्लायोमेट्रिक्स’ हे नाव दिले. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून असे दिसले की, कमाल वेग गाठताना अधिक वेगवान धावपटू पाय हवेत फारसे लवकर फिरवत नाहीत, तर जमिनीला अधिक जोराने रेटतात. म्हणजेच वेगाचा मोठा भाग बळाचा आहे, आणि बळ सरावाने वाढते.

हे ज्ञान शाळकरी वयापर्यंत पोहोचले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्यासोबत आकड्याचा मोहही पोहोचला. हाताने दाबलेल्या स्टॉपवॉचची वेळ विद्युत यंत्रणेपेक्षा कमी भरते. १०० मीटरसाठी हा फरक ०.२४ सेकंद धरण्याची पद्धत आहे. चाळीस यार्डांत तेवढ्या फरकाने खेळाडूची प्रतवारी बदलते. शिवाय वेगाचा सराव म्हणजे दमछाक नव्हे. प्रत्येक धाव पूर्ण ताकदीने आणि दोन धावांमध्ये काही मिनिटांची विश्रांती, हे त्याचे मूळ सूत्र. विश्रांती कापली की उरतो तो दमसासाचा व्यायाम. उंची झपाट्याने वाढण्याच्या वयात तर हे भान अधिकच हवे.

खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या खटल्यात २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार, ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांवरील शिष्यवृत्त्यांच्या संख्येची मर्यादा उठली, पण संघाच्या आकारावर मर्यादा आली. फुटबॉलसाठी ती १०५ खेळाडूंची आहे. स्वखर्चाने दाखल होऊन विद्यापीठाच्या व्यायामशाळेत घडणाऱ्या, शिष्यवृत्तीविना खेळणाऱ्या मुलांसाठी नेब्रास्का एकेकाळी प्रसिद्ध होते. नेमक्या अशाच मुलांच्या जागा या मर्यादेमुळे आता आक्रसल्या आहेत.