शेवट ठाऊक असतानाही प्रेमकथा का वाचावीशी वाटते?

ती वडिलांच्या माघारी पुस्तकांचं दुकान चालवते. तो त्या गावात नुकताच बदलून आलेला पशुवैद्य. पहिल्याच भेटीत दोघांचं बिनसतं आणि आपल्याला कळून चुकतं, की अडीचशे पानांनंतर ही दोघं एकत्र असणार. गोड, सुखान्त प्रेमकादंबरीला नावं ठेवणारे नेमकं यावरच बोट ठेवतात: शेवट आधीच कळतो, मग वाचायचं कशासाठी?

शेवट कळतो हे खरंच आहे. अमेरिकेतल्या ‘रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका’ या लेखक-संघटनेने तर या साहित्यप्रकाराच्या व्याख्येतच तो घालून ठेवला आहे. कथेच्या केंद्रस्थानी प्रेम हवं आणि शेवट समाधान देणारा, आशादायी हवा. म्हणजे सुखान्त हा लेखकाने वाचकाला आधीच दिलेला शब्द असतो. मला वाटतं, या कादंबरीची सारी गोडी त्या शब्दावरच उभी आहे आणि गेल्या काही दशकांतले प्रयोग पाहिले की त्यामागची कारणं दिसू लागतात.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतले मानसशास्त्रज्ञ जोनाथन लीव्हिट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड यांनी 2011 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी 12 लघुकथा निवडल्या. काही रहस्यकथा होत्या, काही शेवटी धक्का देणाऱ्या, तर काही शांत, वाङ्मयीन वळणाच्या. काही वाचकांना कथा जशीच्या तशी दिली आणि काहींना शेवट आधी सांगून मग दिली. कथेची मजा किती आली याचे गुण मागितले, तेव्हा शेवट आधी कळलेल्यांनीच एकंदरीत जास्त गुण दिले. रहस्यकथांच्या बाबतीतही असंच झालं. पुढे 2015 मध्ये बेंजामिन जॉन्सन आणि ज्युडिथ रोझेनबॉम यांना याच्या उलट निकाल मिळाले. शेवट फोडला की कथा कमी उत्कंठावर्धक आणि मनाला कमी भिडणारी वाटते, असं त्यांच्या वाचकांनी सांगितलं. तेव्हा ‘शेवट कळला तरच मजा’ असा नियम काही करता येणार नाही. पण शेवट कळला म्हणजे कथेतला आनंद संपलाच, हेही खरं नाही. ओळखीच्या घाटातून जाताना पुढचं वळण कुठलं याची धास्ती नसते आणि नजर दरीकडे वळायला मोकळी होते. प्रेमकथेत अशी मोकळी झालेली नजर पात्रांच्या बारीकसारीक हालचालींवर जाते.

ठाऊक असलेल्या गोष्टीची वाट पाहण्यातही स्वतंत्र सुख असतं. त्याचा एक फार सुंदर पुरावा कॅनडातल्या मॉन्ट्रियलमधून, संगीताच्या अभ्यासातून आला. मॅकगिल विद्यापीठातल्या व्हॅलरी सालिमपूर, रॉबर्ट झाटोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही जणांना त्यांची स्वतःची आवडती सुरावट आणायला सांगितली, जी ऐकताना हमखास अंगावर काटा येतो अशी. या लोकांना तो क्षण नेमका कुठे येणार हे पाठ होतं. मेंदूच्या चित्रणात दिसलं, की त्या क्षणी डोपामीन हे सुखाशी जोडलेलं रसायन मेंदूच्या एका भागात स्रवतं, पण त्याच्या काही सेकंद आधीच, नुसत्या चाहुलीने, दुसऱ्या एका भागात ते स्रवलेलं असतं. हा निष्कर्ष 2011 चा. कादंबरी वाचताना असं मोजमाप करणं फार अवघड आहे, तरी प्रेमकथेच्या वाचकाला ही चाहूल चांगलीच ओळखीची आहे. ‘आता तो बोलणार’ असं वाटतं, तेवढ्यात दाराची बेल वाजते. आपण चडफडतो आणि पान उलटतो.

मधली ती अडीचशे पानं भरतात कशाने? मुख्यतः बोलण्याने. स्टोनी ब्रूक विद्यापीठातले आर्थर अ‍ॅरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 1997 चा प्रयोग इथे आठवतो. दोन अनोळखी माणसांना समोरासमोर बसवून 36 प्रश्नांची यादी दिली, आलटून-पालटून उत्तरं द्यायची, वेळ साधारण 45 मिनिटं. सुरुवात साधी: जगातल्या कुणालाही जेवायला बोलवता आलं तर कुणाला बोलवाल? मग प्रश्न हळूहळू आत शिरतात. शेवटी शेवटी विचारलं जातं, तुम्ही कुणासमोर शेवटचं कधी रडलात? नुसत्या वरवरच्या गप्पा मारायला सांगितलेल्या जोड्यांपेक्षा या जोड्यांना एकमेकांबद्दल कितीतरी जास्त जवळीक वाटली. इथे क्रमाला महत्त्व आहे. एकाने थोडं उघड करायचं, दुसऱ्याने तेवढंच परत द्यायचं, मग पुढची पायरी. चांगली गोड प्रेमकथा हीच चढण प्रकरणागणिक चढते, आणि दोघांचं मन मोकळं होताना वाचक तिथे तिसरा म्हणून हजर असतो. ज्या कादंबऱ्यांत एक प्रकरण तिच्या बाजूने आणि दुसरं त्याच्या बाजूने सांगितलेलं असतं, त्यांत तर दोघांच्याही मनातलं त्यांच्या आधी आपल्याला कळतं.

‘गोड’ म्हणवणाऱ्या कादंबरीत शारीरिक जवळीक फार पुढे जात नाही. छत्री पुढे करताना बोटं लागतात, कुणी कपाळावरची बट मागे सारतं, बस इतकंच. एवढ्याशा स्पर्शाने वाचक का मोहरतो? आपल्या त्वचेत, विशेषतः हातावर लव असते तिथे, काही अतिशय संथ मज्जातंतू आहेत. त्यांना सी-टॅक्टाइल तंतू म्हणतात. ढकलणं किंवा टोचणं यापेक्षा हलकेच कुरवाळण्याला ते जास्त दाद देतात, तेही सेकंदाला साधारण 1 ते 10 सेंटिमीटर या वेगात. स्वीडनमधल्या योटेबोरी विद्यापीठातल्या संशोधकांनी 2009 मध्ये दाखवलं, की ज्या वेगाला हे तंतू सर्वाधिक प्रतिसाद देतात, तोच वेग माणसांना सर्वांत सुखद वाटतो. दोन वर्षांनी तिथल्याच गटाने आणखी एक गोष्ट टिपली. दुसऱ्या कुणाचा हात असा संथपणे कुरवाळला जातोय, हे नुसतं चित्रफितीत पाहिलं तरी पाहणाऱ्याच्या मेंदूतला, शरीराच्या संवेदना टिपणाऱ्या इन्सुला या भागाचा मागचा हिस्सा जागा होतो. वाचतानाही अगदी असंच होतं, असं या प्रयोगाने दाखवलेलं नाही. मात्र अमेरिकेतल्या सेंट लुईस इथे निकोल स्पीअर, जेफ्री झॅक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाचकांचाच मेंदू तपासला होता. कथेतल्या पात्राने दिव्याची दोरी ओढली, असं वाक्य आलं की वाचकाच्या मेंदूत हाताची पकड सांभाळणाऱ्या भागात हालचाल वाढत होती. म्हणून मला वाटतं, संयम हे या प्रकारातलं मोठं कौशल्य आहे. बटेवरून फिरणाऱ्या बोटांचं एकच नेमकं वाक्य वाचकाच्या शरीरापर्यंत पोहोचू शकतं.

आता वाचणाऱ्यांकडे. जॅनिस रॅडवे या अभ्यासकाने अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतल्या एका गावातल्या प्रेमकथा-वाचक स्त्रियांशी सविस्तर बोलून 1984 मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. गावाचं खरं नाव त्यांनी उघड केलं नाही. तिथल्या काही जणी पुस्तक विकत घेण्याआधी शेवटची पानं वाचून बघत, कारण दुःखान्त पुस्तक त्यांना नको होतं. दिवसभर नवऱ्याचं, मुलांचं बघायचं आणि आपल्याकडे बघणारं कुणी नाही; हातात पुस्तक असलं की तेवढा वेळ आपला, असं त्या सांगत. आणि त्या पुस्तकात एका बाईची कुणीतरी मनापासून काळजी घेतंय. या वाचनाला ‘वेळेचा अपव्यय’ म्हणणाऱ्यांनी आधी हे ऐकून घ्यायला हवं. आपल्याकडे वाचनालयातून चार दिवसांनी कादंबरी बदलून आणणाऱ्या कितीतरी आज्या-मावश्यांची गरज याहून फार वेगळी नसावी.

टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातल्या कॅट्रिना फाँग, जस्टिन मुलिन आणि रेमंड मार यांनी 2013 मध्ये वाचकांना केवळ डोळ्यांचे फोटो दाखवून त्यामागची भावना ओळखायला सांगितली. त्यांनी तपासलेल्या कथाप्रकारांत या कौशल्याशी प्रेमकथांच्या वाचनाचा संबंध विशेष ठळक दिसला. प्रेमकथांमुळे माणसं ओळखता येऊ लागतात, की माणसांत रस असणारेच प्रेमकथांकडे वळतात, हे त्यातून ठरत नाही. दुसरी शक्यताही मला तितकीच आवडते.

राहतो एक आक्षेप: अशी पुस्तकं खोट्या अपेक्षा लावतात, खरं प्रेम काही असं टिकत नाही. बियांका असेवेडो आणि आर्थर अ‍ॅरन यांनी सरासरी 21 वर्षं संसार झालेल्या, तरीही जोडीदारावर उत्कट प्रेम असल्याचं सांगणाऱ्या 17 जणांना त्या जोडीदाराचा फोटो दाखवून मेंदूचं चित्रण केलं. डोपामीन तयार करणारा, नव्या प्रेमात उजळतो तोच भाग इथेही उजळला. ही माणसं मुद्दाम निवडलेली होती, त्यामुळे प्रत्येक घरात असं असतं, असा दावा कुणी करू नये. पण कादंबरी ज्याचं आश्वासन देते, ते काही घरांत एकवीस वर्षांनंतरही मोजता येतं.